इच्छा, यंत्र आणि जबाबदारी : 'माकडाचा पंजा' या कथेचे गिरणगावातून वाचन

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज (१८६३–१९४३) यांची 'द मंकीज पॉ' ही कथा १९०२ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी लुई पार्कर यांनी केलेल्या नाट्यरूपात ती लंडनच्या रंगभूमीवर आली. तेव्हापासून भयकथांच्या संकलनांतून ती सतत वाचली जात आहे. तिच्यावरील विवेचनाला मात्र एक ठरावीक वळण पडून गेले आहे. वृद्ध व्हाइट यांनी हाव धरली, नियतीच्या कारभारात हात घातला आणि उरलेला एकुलता मुलगा गमावून त्याची किंमत मोजली, असा या विवेचनाचा सारांश असतो. 'वैयक्तिक जबाबदारी' ही संज्ञा या कथेच्या संदर्भात वापरली जाते ती याच अर्थाने. शोकांतिका घडली, तिचा कर्ता सापडला आणि तो घरातच सापडला, एवढ्यावर समीक्षा समाधान मानते.

हा कर्ता इतक्या सहजपणे का सापडतो, असा प्रश्न विचारला की कथेचे वेगळे अंग दिसू लागते. हर्बर्ट व्हाइट हा मुलगा कारखान्यात, यंत्रात सापडून मरण पावतो. कथेतील हे वाक्य ओलांडून भयकथेचा वाचक पुढे जातो. परळ-लालबागच्या वाचकाला ते ओलांडता येणे कठीण आहे. या परिसरात शतकाहून अधिक काळ माणसे यंत्रांच्या शेजारी उभी राहिली. पट्ट्यात, साच्यात, कार्डिंगच्या खात्यात हात गमावणे किंवा जीव गमावणे ही येथे कल्पितातली गोष्ट नव्हती, आणि त्यानंतर घराच्या दारात येऊन उभा राहणारा गिरणीचा माणूसही नव्हता. जेकब्ज यांची कथा गिरणगावातून वाचली, तर तिच्यातील भयाचे केंद्र शेवटच्या रात्रीच्या थापेवरून सरकून आधीच्या दिवशीच्या त्या भेटीवर येते.

प्रथम इच्छेचा प्रसंग तपासावा लागतो. व्हाइट हावरे आहेत, या समजाला संहितेत फारसा आधार नाही. पंजा हातात आल्यावर, मागण्यासारखे काही सुचतच नाही, जे हवे ते सारे आपल्यापाशी आहे, अशी त्यांची पहिली प्रतिक्रिया असते. दोनशे पौंडांचा आकडा सुचवतो तो हर्बर्ट. घराचे देणे फिटले की बाबा सुखी होतील, असे तो थट्टेत म्हणतो, आईकडे पाहून डोळे मिचकावतो आणि पियानोवर सूर छेडून प्रसंगाला खोटे गांभीर्य आणतो. वडील ओशाळवाणे हसत वाक्य उच्चारतात. म्हणजे पहिली इच्छा एका माणसाची नसून एका घराची आहे. तिच्यात ऋणाची काळजी आहे, मुलाची माया आहे, पाहुणा गेल्यानंतरची करमणूकही आहे. व्हाइट यांच्या पदरी दोष असेलच तर तो अधीरपणाचा. आरंभीच्या बुद्धिबळाच्या डावात ते आपला राजा विनाकारण धोक्यात घालतात आणि चूक उशिरा ध्यानात आल्यावर मुलाचे लक्ष दुसरीकडे वळवू पाहतात. सार्जंट-मेजर मॉरिसने आगीत फेकलेला पंजा ते झडप घालून बाहेर काढतात. अधीरपणा हा स्वभावदोष आहे. त्याला मनुष्यवधाचे कारण ठरवायचे असेल तर मध्ये काहीतरी जोडावे लागते, आणि कथेत ते काम अद्भुताकडे आहे.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात अद्भुताच्या साहित्यप्रकाराचे लक्षण म्हणून वाचकाची दोलायमान अवस्था सांगितली. घडलेल्या घटनेला निसर्गनियमाने उलगडावे की अतिमानुषाने, हे निश्चित न होणे म्हणजे अद्भुत. जेकब्ज यांची कथा हे लक्षण काटेकोरपणे पाळते. पंजाच्या करामती इतक्या स्वाभाविकपणे घडतात की हवे तर त्यांना योगायोग म्हणता यावे, अशी सोय निवेदनात आरंभीच करून ठेवलेली आहे. परंतु तोदोरोव्ह यांच्या विवेचनात ही दोलायमानता प्रामुख्याने ज्ञानविषयक आहे. खरे काय, एवढाच तिचा प्रश्न असतो. या कथेत ती नैतिक होते. घटनेचा अतिमानुष उलगडा स्वीकारला तर हर्बर्टच्या मृत्यूचा कर्ता बाप ठरतो. नैसर्गिक उलगडा स्वीकारला तर कर्ता शोधण्यासाठी कारखान्यात जावे लागते. भयाचा आनंद घेऊ इच्छिणारा वाचक अर्थातच पहिला पर्याय निवडतो आणि तो निवडताना, नकळत, मालकाची मुक्तता करतो.

मालकाच्या माणसाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. तो नीटनेटक्या वेषात येतो. फाटकापाशी तीनदा थबकतो आणि चौथ्या खेपेस आत शिरतो. मिसेस व्हाइट त्याची वाट पाहत नव्हत्या, पण त्याचे कपडे पाहून त्यांना दोनशे पौंडांची आठवण होते. बातमी सांगण्याआधी तो अडखळतो, हर्बर्ट आता वेदनेत नाही असे म्हणतो, आणि आईला क्षणभर दिलासा मिळून तो तेथेच विरतो. इथवर तो माणूस आहे. मग तो पदावर येतो. आपण कंपनीचे केवळ नोकर असून मिळालेल्या आज्ञेचे पालन करीत आहोत, असे स्पष्टीकरण देतो. कंपनी कोणतेही दायित्व मान्य करीत नाही, मात्र मुलाच्या सेवेची कदर म्हणून काही रक्कम देऊ इच्छिते, असे सांगतो. वडील किती म्हणून विचारतात. आकडा ऐकताच ते कोसळतात आणि आईची किंकाळी त्यांना ऐकूही येत नाही.

या संभाषणात जबाबदारी नाकारण्याचे दोन व्यवहार घडतात. कंपनी ती नाकारते आणि कंपनीचा दूत आपली वैयक्तिक जबाबदारीही नाकारतो. आदल्या रात्री मॉरिसने हेच केले होते. इशारा देऊन, पंजा आगीत टाकून, शेवटी त्याबद्दल थोडे पैसे घेऊन तो शेवटची गाडी पकडण्यासाठी निघून गेला. फकीर तर कथेत येतच नाही. ज्याने मंत्र घातला, ज्याने वस्तू आणली, ज्याच्या यंत्रात मुलगा सापडला, ते सारे निघून गेल्यानंतर खोलीत एकच माणूस उरतो. जबाबदारी या शब्दात 'जबाब' आहे; जाब विचारला गेल्यावर उत्तर देण्याचे ते बंधन आहे. व्हाइट यांना जाब कोणी विचारलेला नाही. बाकीचे उत्तर देत नाहीत म्हणून ते देतात. त्यांच्या अपराधभावाचे हे सामाजिक मूळ समीक्षेने फारसे मनावर घेतलेले नाही.

आकड्याची बाब थोडी अधिक पाहावी अशी आहे. कथा लिहिली गेली तेव्हा इंग्लंडमध्ये १८९७ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा अमलात होता. मालकाची चूक सिद्ध करण्याची अट या कायद्याने कारखान्यांपुरती काढून टाकली होती. कामगाराने स्वतः गंभीर व हेतुपुरस्सर गैरवर्तन केले नसेल तर भरपाई देय होती. मृत्यू झाल्यास पूर्णपणे अवलंबून असलेल्या वारसांना तीन वर्षांचे वेतन किंवा दीडशे पौंड यांपैकी मोठी रक्कम, कमाल तीनशे पौंड, अशी तरतूद होती. दोनशे हा आकडा या दोन मर्यादांच्या नेमका मध्ये पडतो. म्हणून जेकब्ज कायद्याची पाने उलगडून बसले होते असे मात्र नाही, आणि व्हाइट पतिपत्नी मुलावर कितपत अवलंबून होती हे कथेत स्पष्ट नाही. ती अवलंबून नसतील तर कायद्याने त्यांच्या हाती औषधपाणी आणि अंत्यविधीचा खर्च यापलीकडे फारसे काही पडले नसते. तेव्हा दोनशे पौंड हे औदार्य असेल किंवा मौनाची किंमतही असेल. निर्णय करता येत नाही, कारण प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच दूताने तो मिटवलेला आहे. हक्क म्हणून कदाचित मागता आली असती अशी रक्कम येथे सानुग्रह होऊन येते, आणि सानुग्रह झाल्यामुळेच ती इच्छापूर्तीसारखी दिसू शकते. कंपनीने दायित्व मान्य करून तीच रक्कम दिली असती, तर पंजाचे माहात्म्य तेथेच उणावले असते.

हक्क आणि अनुग्रह यांमधील हाच वाद मुंबईच्या गिरण्यांत दोन दशकांनी फार मोठ्या प्रमाणावर झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या भरभराटीत गिरणीमालक कामगारांना वार्षिक बोनस देत होते. १९२३ मध्ये त्यांनी तो नाकारला. १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. न्यायमूर्ती नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, कामगारांचा बोनसवर अंमलबजावणीयोग्य असा कोणताही हक्क नाही, असा निष्कर्ष काढला. आजवर मिळाली ती मालकांची मर्जी होती. त्याच वर्षी १ जुलैपासून १९२३ चा भारतीय नुकसानभरपाई कायदा अमलात आला. ना. म. जोशी तेव्हा मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते आणि त्यांची सोशल सर्व्हिस लीग परळमध्ये कामगारांत काम करीत होती. या कायद्याप्रमाणे प्रौढ कामगाराच्या मृत्यूबद्दल तीस महिन्यांचे वेतन किंवा अडीच हजार रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळू लागली. पंधरा वर्षांखालील कामगाराच्या मृत्यूची रक्कम वेतनाशी न जोडता ठोक ठरवण्यात आली होती : दोनशे रुपये. जेकब्ज यांच्या आकड्याशी असलेला हा मेळ केवळ योगायोग आहे. परंतु मुलाच्या जिवाचा आकडा आधीच ठरलेला असणे, यात अद्भुत काही नाही, हे त्यातून दिसते.

आता फकिराच्या तत्त्वज्ञानाकडे वळावे लागते, कारण व्हाइट यांच्यावरील आरोपपत्र त्याच्या नावावर आहे. माणसाचे आयुष्य नियती चालवते आणि तिच्यात ढवळाढवळ करणाऱ्याला दुःख भोगावे लागते, हे दाखवण्यासाठी त्याने पंजावर मंत्र घातला, असे मॉरिस सांगतो. या विधानात विसंगती आहे. नियती खरोखर सर्वसमर्थ असेल तर ढवळाढवळ शक्य नाही, आणि शक्य असेल तर नियती सर्वसमर्थ नाही. मराठी लोकसमजुतीतील सटवाईचा लेख या बाबतीत अधिक सुसंगत म्हणावा लागेल. ललाटी जे लिहिले ते चुकत नाही. म्हणून शोक करता येतो, पण कोणाला दोषी धरता येत नाही. फकिराची नियती शोकाबरोबर दोषही वाटते, तोही फक्त तिला शिवणाऱ्याला. असा नियतिवाद पूर्वेकडून आयात झालेला म्हणून सादर होतो, परंतु त्याची घडण व्हिक्टोरियन काळातील काटकसरीच्या उपदेशासारखी आहे : आपल्या पायरीने राहावे, जास्त मागू नये. एडवर्ड सैद यांच्या नंतरच्या समीक्षेने पंजाच्या हिंदुस्थानी मुळाची दखल घेतली आहेच. तिला एवढीच पुस्ती जोडता येईल की, कथा प्रसिद्ध झाली तेव्हा कावसजी दावर यांच्या मुंबईतील पहिल्या कापडगिरणीला जवळजवळ अर्धशतक होत आले होते. फकिराच्या देशातही यंत्रे होती आणि यंत्रात सापडणारी मुले होती. कथेतील भूगोलात मात्र पूर्वेकडे मंत्र आणि पश्चिमेकडे यंत्र अशी वाटणी आहे, व अपघाताचे कारण पूर्वेच्या खात्यावर टाकले जाते.

एवढ्यावर थांबले तर या वाचनाचा निष्कर्ष, व्हाइट निर्दोष असून दोष व्यवस्थेचा आहे, असा निघेल. तो सोपा आहे आणि अपुरा आहे. व्हाइट यांना केवळ बळी ठरवले की त्यांचे कर्तेपण संपते आणि कथेच्या तिसऱ्या भागाला काही अर्थच राहत नाही. नकळत घडलेल्या कृत्याशी माणसाचे नाते काय, हा प्रश्न व्यवस्थेचा दोष मान्य केल्यावरही उरतो.

या प्रश्नाचा विचार वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या मुखाने झालेला आहे. मराठी मनाला श्रावणबाळाच्या नावाने परिचित असलेला तो मुनिकुमार वाल्मीकींच्या संहितेत अनामिक आहे. अंधारात घागर भरल्याचा आवाज, तो हत्तीचा असावा हा तर्क, शब्दवेधी बाण. पुढचे सर्वश्रुत आहे. येथे लक्ष वेधते ती त्यानंतरची गोष्ट. अंध मातापिता पाण्याची वाट पाहत बसले आहेत. पावलांचा आवाज येतो. मुलगा आला असे समजून ते त्याला उशिराबद्दल बोलतात. आलेला असतो मुलाला मारणारा, आणि तो स्वतःच्या तोंडाने सांगतो की मी तुमचा पुत्र नव्हे, माझ्या हातून तुमचा पुत्र मारला गेला. तू स्वतः येऊन सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाच्या शतशः ठिकऱ्या झाल्या असत्या, असे त्याला मुनी ऐकवतो. शाप चुकत नाही, पण कबुलीने त्याचे स्वरूप बदलते. कृत्य अजाणता झाले होते. उत्तरदायित्व जाणून स्वीकारले गेले. दशरथ ज्या दारात जाऊन उभा राहतो, जवळजवळ त्याच दारात कंपनीचा दूतही उभा आहे. तिथेही मुलाची वाट पाहणारे दोन म्हातारे जीव आहेत. फरक एवढाच, की तो ज्यांच्या वतीने आला आहे ते स्वतःबद्दल काहीच सांगत नाहीत.

आणि व्हाइट? त्यांचे पाप पहिल्या इच्छेत शोधणाऱ्यांनी तिसरीकडे पाहिले पाहिजे. पहिली इच्छा थट्टेत झाली, दुसरी पत्नीच्या आग्रहाने आणि भीतीने. तिसरी मात्र त्यांनी एकट्याने, पूर्ण जाणिवेने केली. मुलाचे प्रेत त्यांनी पाहिले होते, ओळख पटली ती केवळ कपड्यांवरून, आणि ही गोष्ट त्यांनी पत्नीपासून लपवली होती. दाराबाहेर काय उभे असेल याची कल्पना फक्त त्यांना आहे. अंधारात जमिनीवर चाचपडत ते पंजा शोधतात आणि जे मागतात ते निवेदक सांगत नाही. वैयक्तिक जबाबदारीची जागा असेल तर ती येथे आहे. पहिल्या वेळी त्यांच्या हातून मुलगा गेला की नाही, याबद्दल शंका घेता येते. या वेळी त्यांनी त्याला परत पाठवले, हे त्यांना निश्चित ठाऊक आहे. ते योग्य केले की नाही, याचा निवाडा करता येत नाही. परंतु कोणाच्याही आज्ञेने न केलेले, सुचवून न केलेले असे हे कथेतील एकमेव कृत्य आहे.

मराठी गूढकथेने जबाबदारीचा हा पेच कसा हाताळला, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या 'समर्थ'च्या कथांत अरिष्ट प्रायः बाहेरून येते आणि अधिकारी पुरुष ते परतवतो. पीडिताला स्वतःची चौकशी करावी लागत नाही. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढाला माणसाच्या मनात आणून बसवले, आणि त्यांच्या कथेत घराचा उंबरा ओलांडून आत येणाऱ्या गोष्टीला बहुधा घरातल्याच कोणीतरी बोलावलेले असते. त्याच मतकरींनी 'लोककथा '७८'मध्ये गावातील अत्याचाराचा जाब समूहाला विचारला. एकाच लेखकाने खाजगी अपराध गूढकथेत आणि सार्वजनिक अपराध नाटकात, असे दोन कप्पे का केले असावेत? गूढकथा या प्रकाराचीच ती मर्यादा असेल, तर जेकब्ज यांच्या कथेचे वैशिष्ट्य असे की तिने ती एका परिच्छेदापुरती ओलांडली आणि मग घाईघाईने दार लावून घेतले.

गिरणगावाच्या बाबतीत ही मर्यादा साहित्यापुरती राहिली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी होते. तो औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विक्रीची वाट मोकळी केली. या साऱ्याची जी कथा दादर-गिरगावच्या दिवाणखान्यांतून सांगितली गेली, तिचा घाट विलक्षण परिचित आहे : कामगारांनी जास्त मागितले आणि होते तेही गमावले. यंत्रांचे आधुनिकीकरण कोणी केले नाही, नफा कोठे वळवला गेला, जमिनीचे भाव कोणाच्या हिशेबात होते, हे प्रश्न या कथेत येत नाहीत. इच्छा करणारा तेवढा दोषी ठरतो. जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक महत्त्वाचे ठरते ते येथे. संपानंतरच्या चाळीतील एका घराची पडझड ते दाखवते. घरातल्या माणसांचे दोष ते झाकत नाही, आणि त्या दोषांवर सारे ढकलून मोकळेही होत नाही.

या दिवाणखान्यातील कथेत एक शब्दच्छल दडलेला आहे. संपकऱ्यांनी इच्छा केली नव्हती, मागणी केली होती. इच्छा अदृष्टापुढे व्यक्त होते, तिला ऐकणारा असलाच पाहिजे असे नाही. मागणी नाव घेऊन कोणाला तरी उद्देशून होते आणि उत्तराची अपेक्षा धरते. जेकब्ज यांच्या कथेत हा फरक ज्या व्यक्तीपाशी आहे, तिच्याकडे समीक्षेने वेड्या मायेचे उदाहरण म्हणून पाहिले आहे. मिसेस व्हाइट यांच्या मनात अपराधभाव नाही. मुलगा आपला आहे, तो गेला आहे, तो परत मिळाला पाहिजे, इतका त्यांचा दावा सरळ आहे. स्वतःच्या मुलाला भिता का, असे त्या पतीला विचारतात. कडी उंच आहे, हात पुरत नाही, म्हणून त्या खुर्ची ओढून आणतात. त्यांचा दावा चुकीच्या दारी जातो एवढेच; तो कारखान्याच्या फाटकाशी जायला हवा होता. तेथे जाण्याची वाट कंपनीच्या माणसाने पहिल्याच भेटीत बंद करून टाकलेली आहे.

त्या भेटीनंतर कथेत दोनशे पौंडांचा उल्लेख पुन्हा येत नाही. दोन मैलांवरील नव्या दफनभूमीत मुलाला पुरून आई-वडील घरी परततात, दिवस जातात, आणि एका रात्री दारावर थाप पडते. ज्या घराचे ते दार आहे, त्याचा अखेरचा हप्ता तोपर्यंत फेडला गेला होता किंवा नाही, याबद्दल निवेदक गप्प आहे.